नाव विकणारी पेढी: आर्थर अँडरसनचा उदय आणि अस्त

१/
३१ मे २००५. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आर्थर अँडरसन या लेखापरीक्षण पेढीची दोषसिद्धी रद्द ठरवली. नऊच्या नऊ न्यायमूर्तींचे एकमत होते. असा निकाल हाती आला की कोणत्याही कंपनीत पेढे वाटले गेले असते. येथे पेढे वाटायला माणसेच उरली नव्हती. तीन वर्षांपूर्वी जगभर सुमारे ८५,००० कर्मचारी असलेल्या या पेढीत आता जेमतेम २०० जण शिल्लक होते, आणि जुने दावे निस्तरणे एवढेच त्यांचे मुख्य काम होते.

२/
न्यायालयात जिंकलेली ही पेढी बाजारात पुन्हा उभी राहू शकली नाही. त्याच घराण्यातून फुटून निघालेली, आणि लवादाने जिचे नाव काढून घेतले ती दुसरी पेढी मात्र आजही जगभर कार्यरत आहे. एकाच नावाखाली वाढलेल्या दोन भावंडांपैकी नाव राखणारे बुडाले आणि नाव गमावणारे तरले. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर व्यवसायांना सेवा पुरवणाऱ्या व्यवसायात नावाचे मोल नेमके कशाचे असते, हे पाहावे लागते.

३/
आधी लेखापरीक्षण म्हणजे काय ते पाहू. कंपनीचा ताळेबंद कंपनीचेच व्यवस्थापन तयार करते. कर्ज देणारी बँक किंवा भाग घेणारा गुंतवणूकदार कंपनीच्या कपाटात शिरून पावत्या तपासू शकत नाही. म्हणून एक त्रयस्थ पेढी नेमली जाते. ती हिशेब तपासते आणि अहवालाखाली सही करते. या व्यवहाराची गंमत अशी की, सेवेचे पैसे कंपनी देते आणि सेवेवर विश्वास ठेवायचा असतो तिसऱ्यानेच.

४/
साबण वाईट निघाला तर ग्राहक पुढच्या महिन्यात दुसरा घेतो. लेखापरीक्षण वाईट होते हे कळते तेव्हा बहुधा कंपनी बुडालेली असते. त्यामुळे येथे माल पारखून घेता येत नाही. सही कोणाची, एवढेच पाहता येते. हुंडीच्या व्यवहारात परगावचा सावकार कागदापेक्षा पेढीचे नाव पाहून रोकड मोजत असे. मराठीत त्याला ‘पत’ म्हणत. आजचे व्यवस्थापनशास्त्र ज्याला ‘ब्रँड’ म्हणते, त्याचा व्यापारी-व्यापाऱ्यांमधला अवतार तो हाच.

५/
आर्थर अँडरसन यांचा जन्म १८८५ चा, इलिनॉय राज्यातला. आईवडील नॉर्वेतून आलेले स्थलांतरित. लहान वयातच पोरके झालेल्या या मुलाने दिवसा नोकरी आणि रात्री शिक्षण असे दिवस काढले व वयाच्या तेविसाव्या वर्षी लेखापालाची सनद मिळवली. १९१३ मध्ये क्लॅरेन्स डिलेनी यांच्यासह त्यांनी शिकागोत स्वतःची पेढी काढली. सोबत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात अध्यापनही चालूच होते. पुढे डिलेनी बाहेर पडले आणि दारावर एकच नाव उरले.

६/
पेढीचे ब्रीद आईच्या तोंडच्या एका नॉर्वेजियन वचनातून आले होते: सरळ विचार करा, सरळ बोला. त्याच्या जोडीला एक कथा पेढीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाई. सुरुवातीच्या दिवसांत एका रेल्वे कंपनीच्या प्रमुखाने नफा फुगवणारे हिशेब मंजूर करण्याचा आग्रह धरला. पेढीची आर्थिक ओढाताण चालू होती. तरीही अँडरसन यांनी उत्तर दिले की, सही बदलून घेता येईल एवढा पैसा अख्ख्या शिकागो शहरात नाही. ग्राहक गेला, आणि काही महिन्यांतच ती रेल्वे कंपनी दिवाळखोरीत निघाली.

७/
ही कथा नव्या उमेदवाराला पहिल्याच आठवड्यात ऐकवली जाई. तिचे काम केवळ संस्थापकाची थोरवी गाण्याचे नव्हते. आपण कोण आहोत, मोठ्या ग्राहकासमोर कसे वागायचे आणि काम सोडून देण्याची वेळ केव्हा येते, याचा तो वस्तुपाठ होता. बाहेरच्या जगासाठी जे नाव होते, ते आतल्या माणसांसाठी वागण्याचा नियम होते. नाव आणि नियम जोवर एकरूप होते, तोवर पेढी वाढत गेली.

८/
पहिली मोठी परीक्षा मंदीत आली. १९३२ मध्ये सॅम्युएल इन्सल यांचे शिकागोतील वीज कंपन्यांचे अवाढव्य साम्राज्य कोसळले. कर्ज देणाऱ्या बँकांनी त्यांच्या आर्थिक व्यवहारांवर देखरेख ठेवण्यासाठी अँडरसन यांच्या पेढीला नेमले. पाठोपाठ १९३३ आणि १९३४ च्या रोखेविषयक कायद्यांनी शेअर बाजारातील कंपन्यांना स्वतंत्र लेखापरीक्षण बंधनकारक केले. काल जी पत ऐच्छिक होती, तिला आता कायद्याने बाजारपेठ मिळवून दिली.

९/
संस्थापक १९४७ मध्ये वारले. त्यांच्यानंतर धुरा आली लिओनार्ड स्पेसेक यांच्याकडे. स्पेसेक यांनी हिशेबांच्या ढिल्या नियमांवर जाहीर व्याख्यानांतून टीका केली आणि स्वतःच्याच व्यवसायबंधूंचा रोष ओढवून घेतला. परिणाम असा झाला की, अँडरसन म्हणजे कडक पेढी, अशी प्रतिमा घट्ट झाली. कडक पेढीची सही मिळाली तर बँकेपुढे कंपनीचा शब्द वजनदार ठरतो. कडकपणा हाच तिचा व्यापारी गुण झाला.

१०/
ओळख घडवण्याची साधनेही लक्षणीय होती. शिकागोच्या कार्यालयाची भारदस्त लाकडी दारे हे पेढीचे चिन्ह बनले आणि देशोदेशींच्या कार्यालयांना तशीच दारे बसवली गेली. १९७० मध्ये पेढीने सेंट चार्ल्स येथील एका बंद पडलेल्या महाविद्यालयाचा परिसर विकत घेऊन तेथे प्रशिक्षण केंद्र उभारले. जगभरचे उमेदवार तेथे एकाच पद्धतीने शिकत. इतर लोक त्यांना थट्टेने ‘अँड्रॉइड’ म्हणत. थट्टा बोचरी होती, पण ग्राहकाला हवे होते ते हेच: कोणत्याही शहरात गेले तरी एकच दर्जा.

११/
याच काळात दुसरा प्रवाह सुरू झाला होता. केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात १९५४ मध्ये युनिव्हॅक संगणकावर पगारपत्रक तयार होऊ लागले. अमेरिकी उद्योगात व्यापारी कामासाठी संगणक वापरला जाण्याची ही अगदी आरंभीची घटना, आणि त्यामागे अँडरसनची माणसे होती. लेखापरीक्षणाच्या पोटातून सल्ला आणि संगणक यंत्रणा उभारण्याचा नवा धंदा जन्माला आला.

१२/
हा धंदा झपाट्याने वाढला. लेखापरीक्षणाचे शुल्क स्पर्धेमुळे आकसत होते. सल्लागारांचे फुगत होते. जास्त कमावणाऱ्या सल्लागारांना आपला नफा लेखापरीक्षकांशी वाटून घेणे सलू लागले. १९८९ मध्ये तोडगा निघाला. एकाच छत्राखाली दोन घरे झाली: आर्थर अँडरसन आणि अँडरसन कन्सल्टिंग. जे घर अधिक कमावेल त्याने नफ्यातील १५ टक्क्यांपर्यंत वाटा दुसऱ्याला द्यायचा, असे ठरले. कमावते घर कोणते, हे उघडच होते.

१३/
या वाटणीचा खोल परिणाम लेखापरीक्षकांच्या मनावर झाला. ज्यांच्या नावावर घर उभे होते, तेच घरातले गरीब भाऊ ठरले. मग लेखापरीक्षण करता करता त्याच ग्राहकाला आणखी सेवा विकण्याचा दबाव वाढला. भागीदाराची किंमत त्याने आणलेल्या महसुलावरून ठरू लागली. लेखापरीक्षकांनी स्वतःचा सल्ला विभागही पुन्हा काढला आणि तो थेट भावंडाच्याच धंद्यात शिरला. दारे तीच होती, ब्रीद तेच होते. आतले बक्षीस मात्र बदलले होते.

१४/
डिसेंबर १९९७ मध्ये अँडरसन कन्सल्टिंगने आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली. ऑगस्ट २००० मध्ये निवाडा आला. सल्लागारांना वेगळे होण्याची मुभा मिळाली आणि मूळ पेढीने मागितलेली १४ अब्ज डॉलरहून मोठी भरपाईही द्यावी लागली नाही. पण एक अट होती: वर्ष संपण्याच्या आत ‘अँडरसन’ हे नाव सोडायचे. लेखापरीक्षकांना वाटले, पैसा गेला तरी घराण्याचे नाव आपल्याकडे राहिले.

१५/
सल्लागारांच्या हाती काही महिनेच होते. त्यांनी आपल्याच कर्मचाऱ्यांकडून नावे मागवली. ऑस्लो कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने सुचवलेले ‘अॅक्सेंचर’ हे नाव निवडले गेले आणि १ जानेवारी २००१ पासून ते लागू झाले. या बनावट शब्दाची त्या वेळी यथेच्छ टिंगल झाली. इतक्या वर्षांची कमावलेली ओळख एका रात्रीत पुसली गेली, असे अनेकांना वाटले. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनी न्यू यॉर्कच्या शेअर बाजारात उतरली.

१६/
इकडे मूळ पेढीने २००१ मध्ये नुसते ‘अँडरसन’ असे नाव धारण केले. जुन्या लाकडी दारांच्या जागी नारिंगी गोल असलेले नवे चिन्ह आले. चिन्ह बदलण्यात वावगे काही नसते. पण त्याच वर्षी घडत असलेल्या इतर गोष्टींकडे पाहिले की, दर्शनी भागाच्या रंगरंगोटीत पेढी मग्न होती आणि पाया खचत होता, हे ध्यानात येते.

१७/
वेस्ट मॅनेजमेंट या कंपनीने १९९८ मध्ये मान्य केले की, १९९२ पासूनच्या काळात तिचा नफा १.७ अब्ज डॉलरने फुगवून दाखवला गेला होता. त्या हिशेबांखाली अँडरसनची सही होती. जून २००१ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने पेढीला ७० लाख डॉलरचा दंड केला आणि पुन्हा असे न करण्याचा न्यायालयीन आदेश मिळवला. त्याच सुमारास सनबीम कंपनीच्या भागधारकांना पेढीने ११ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. तडे दिसू लागले होते. नावामुळे ते झाकले जात होते.

१८/
आणि मग आले एन्रॉन. महाराष्ट्राला हे नाव आधीच परिचित होते. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात दाभोळ वीज प्रकल्प उभारणारी कंपनी हीच. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला, मग फेरवाटाघाटी झाल्या, १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये दराच्या वादातून प्रकल्प बंद पडला. राज्य वीज मंडळ विजेच्या दरावरून झगडत होते, त्या वेळी ह्यूस्टनमध्ये या कंपनीच्या एकूण हिशेबांवर सही करत होती ती अँडरसन पेढी.

१९/
सन २००० मध्ये एन्रॉनने अँडरसनला ५.२ कोटी डॉलर दिले. त्यांतले २.५ कोटी लेखापरीक्षणाचे आणि २.७ कोटी इतर कामांचे. पेढीचे लोक एन्रॉनच्याच इमारतीत कायम बसत. ५ फेब्रुवारी २००१ रोजी पेढीच्या ज्येष्ठ भागीदारांनी एका बैठकीत हा ग्राहक ठेवावा की सोडावा, यावर चर्चा केली. जोखीम सर्वांना दिसत होती. शुल्क पुढे वर्षाला १० कोटी डॉलरवर जाऊ शकेल, असेही बोलले गेले. ग्राहक ठेवायचे ठरले.

२०/
रेल्वे कंपनीची ती जुनी कथा त्या खोलीतल्या प्रत्येकाला पाठ असणार. तेव्हा अख्ख्या शिकागोतला पैसा अपुरा होता. आता एका ग्राहकाचे शुल्क पुरेसे ठरले. पुढच्याच महिन्यात एन्रॉनच्या हिशेबपद्धतींवर आक्षेप घेणारे भागीदार कार्ल बास यांना ग्राहकाच्या नाराजीनंतर त्या कामातून बाजूला केले गेले. पेढीची खरी ओळख कोणती, हे त्या दोन महिन्यांत ठरले. जगाला ते कळायला आणखी वर्ष जायचे होते.

२१/
१६ ऑक्टोबर २००१ रोजी एन्रॉनने ६१.८ कोटी डॉलरचा तिमाही तोटा जाहीर केला. आठवडाभराने ह्यूस्टनमधील अँडरसनच्या कार्यालयात एन्रॉनसंबंधी कागदपत्रे यंत्रात घालून फाडण्याचे काम जोरात सुरू झाले. ते थांबले नोव्हेंबरमध्ये, रोखे आयोगाचे समन्स हाती पडल्यावर. २ डिसेंबरला एन्रॉन दिवाळखोरीत गेली. १० जानेवारी २००२ रोजी पेढीने स्वतःच जाहीर केले की, मोठ्या प्रमाणात कागदपत्रे नष्ट झाली आहेत.

२२/
येथे आपला मूळ प्रश्न कसोटीला लागतो. पेढीचे नाव डागाळले तर तिच्या इतर, निर्दोष ग्राहकांचे काय होते? पॉल चेनी आणि कर्क फिलिपिच या अभ्यासकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले की, या घोषणेनंतरच्या तीन दिवसांत अँडरसनच्या इतर ग्राहक कंपन्यांचे शेअरही घसरले. ह्यूस्टन कार्यालयाच्या ग्राहकांचे अधिक. या कंपन्यांचा एन्रॉनशी संबंध नव्हता. संबंध होता तो केवळ अहवालाखालच्या सहीचा.

२३/
हा निष्कर्ष निर्विवाद राहिला नाही. २००८ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिले की, त्याच दिवसांत बाजारावर इतर बातम्यांचाही परिणाम होत होता आणि ह्यूस्टनच्या ग्राहकांत ऊर्जा कंपन्यांचा भरणा होता. तेव्हा सारी घसरण पतीच्या खात्यावर मांडणे घाईचे ठरेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा आक्षेप लक्षात ठेवावा. नावाचे मोल शेअरच्या किमतीत मोजणे दिसते तितके सोपे नाही. ग्राहकांच्या पावलांत मात्र ते स्पष्ट दिसले.

२४/
मर्क, फेडएक्स, डेल्टा एअरलाइन्स: एकेक मोठा ग्राहक पेढी सोडू लागला. डेल्टाचे नाते तर अर्धशतकाहून जुने होते. १४ मार्च २००२ रोजी सरकारने न्यायात अडथळा आणल्याचा आरोप पेढीवर ठेवला आणि गळतीचा लोंढा झाला. कर्मचारी ‘मी आर्थर अँडरसन आहे’ असे छापलेले सदरे घालून रस्त्यावर उतरले. त्यांतल्या बहुतेकांनी एन्रॉनचा एकही कागद पाहिलेला नव्हता. नावाने त्यांना आयुष्यभर मान दिला होता; आता त्याच नावाने त्यांची नोकरी नेली.

२५/
पेढीला कायद्याने मारले की बदनामीने, हा वाद अजून चालतो. १५ जून २००२ रोजी ज्यूरीने दोषी ठरवले आणि ३१ ऑगस्टपासून पेढीने सार्वजनिक कंपन्यांचे लेखापरीक्षण बंद केले. कायद्याचा घाव निर्णायक होता, यात शंका नाही. पण ग्राहक आरोपपत्राआधीच बाहेर पडू लागले होते. शिवाय २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्यूरीला दिलेले मार्गदर्शन सदोष ठरवून दोषसिद्धी पुसली, तेव्हा कायद्याचा अडसर गेला. गेलेले ग्राहक आले नाहीत. न्यायालय शिक्षा परत घेऊ शकते. पत परत देणे त्याच्या हाती नसते.

२६/
आता त्या दुसऱ्या भावंडाकडे वळू. एन्रॉन कोसळली तेव्हा अॅक्सेंचर हे नाव वर्षाचेही नव्हते. लवादाने जे नाव काढून घेतले, त्याच्याबरोबर पुढची सारी बदनामीही दुसऱ्याच्या पदरात गेली. हा दैवयोग होता. कोणाचीही दूरदृष्टी नव्हती. आज मुंबई-पुण्यातील हजारो तरुण या कंपनीत काम करतात आणि त्यांतल्या अनेकांना तिचे जुने नाव माहीतही नसते.

२७/
पण दैवयोगाने सारे उलगडत नाही. नाव गेल्यावर सल्लागारांचे ग्राहक का गेले नाहीत? कारण त्यांचे काम ग्राहकाला डोळ्यांनी दिसत होते. पगारपत्रक वेळेवर निघते की नाही, यंत्रणा चालते की नाही, हे कारखान्यातला व्यवस्थापक रोज पारखू शकतो. माणसे तीच, काम तेच, मग पाटी बदलली तरी चालते. लेखापरीक्षणाचे तसे नाही. तेथे पारखण्याजोगे काही नसतेच. नाव काढले की उरतो तो कोरा कागद.

२८/
या इतिहासातून निघणारे सूत्र हे असे: सेवेचा दर्जा ग्राहकाला जितका कमी पारखता येतो, तितके नावाचे वजन वाढते. ते वजन चांगल्या काळात पेढीला वर उचलते आणि वाईट काळात त्याच जोराने खाली ओढते. अँडरसनचे उत्पन्न २००१ मध्ये ९.३ अब्ज डॉलर होते. वर्षभरात ते संपले, कारण हे उत्पन्न ज्या एका वस्तूच्या बळावर येत होते, ती वस्तूच संपली.

२९/
दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. पेढीकडे ब्रीद होते, कथा होती, दारे होती, प्रशिक्षण केंद्र होते. ओळख घडवण्याची सर्व साधने शेवटपर्यंत शाबूत होती. तुटला होता तो ओळख आणि बक्षीस यांच्यातला सांधा. सरळ बोलणाऱ्या बास यांना कामावरून दूर केले जाते आणि शुल्क आणणारा वर चढतो, हे एकदा माणसांनी पाहिले की भिंतीवरचे वचन केवळ सजावट होते.

३०/
कथेला एक छोटी पुरवणी आहे. पेढी बुडाल्यावर तिच्या काही माजी भागीदारांनी २००२ मध्ये करविषयक सल्ल्याची नवी पेढी काढली होती. २०१४ मध्ये त्या पेढीने ‘अँडरसन’ हे नाव पुन्हा धारण केले. बारा वर्षांनी नाव परतले. दुसऱ्याच्या ताळेबंदाखाली सही करण्याचे काम मात्र त्या पेढीने घेतले नाही. ती कर भरणाऱ्यांना सल्ला देत राहिली.